शेवटची पाचर

१

शाळेतल्या अडतीस भिंती उभ्या राहिल्या आणि एकच पडली. पडली ती नेमकी चित्रकलेच्या बाईंच्या अंगावर.

मंगळवारी साडेअकराला सात-आठ सेकंद जमीन हलली. मुलं शिकवल्याप्रमाणे रांगेने मैदानात गेली, कुणाला खरचटलंही नाही. चित्रकलेच्या बाई चष्मा वर विसरला म्हणून परत फिरल्या. तेवढ्यात आणखी एक लहान धक्का बसला आणि दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या बाईंच्या ऑफिसची जिन्याकडची भिंत अख्खीच्या अख्खी त्यांच्यावर आली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या तेव्हा मैदानात हजेरी घेत होत्या.

मी पडलेल्या इमारती तपासते. मी आले म्हणजे कुणाची तरी नोकरी जाणार हे लोकांना माहीत असतं, म्हणून मला बघून माणसं तोंड फिरवतात. बत्तीस वर्षांत मला साइटवर कुणी हसून चहा दिलेला नाही. कुणी दिलाच, तर मी त्याच्यावर आधी संशय घेते.

गेल्या मोठ्या सुट्टीत या शाळेच्या सगळ्या भिंती भूकंपासाठी नव्याने बांधल्या होत्या. त्यातली युक्ती साधी आहे. इमारतीचा सिमेंटचा सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळया, भूकंपात डुलतो. विटांची भिंत डुलत नाही. म्हणून भिंत आणि सांगाडा यांच्यामध्ये वर आणि दोन्ही बाजूंना दोन बोटं फट सोडायची, तीत मऊ फोम भरायचा, आणि भिंतीचा माथा लोखंडी अँगलनी दोन्हीकडून नुसता धरून ठेवायचा. सांगाड्याला हवं तेवढं डुलू द्यावं, भिंतीने त्यात पडू नये. फट दिसू नये म्हणून वरून पत्र्याची पट्टी लावतात.

ठेकेदार माझी वाटच बघत होता. "गवंड्यानं अँगल लावलेच नसणार, मॅडम. लोखंड खाल्लं त्यानं. एवढा कटर घेऊन फिरतो, विटा पावासारख्या कापतो, मला वाटलं माणूस हुशार आहे. आपल्या सगळ्यांना चुना लावला बघा."

मी शिडी मागवली आणि वर चढले. तुळईखाली अँगल होते. सगळे होते, बोल्ट आवळलेले होते, आणि त्यांच्या पकडीत काहीही नव्हतं. भिंतीच्या माथ्यावरचे दोन थर चुरा होऊन गेले होते, आणि ज्याला धरायचं तेच न उरल्यामुळे भिंत सुटली होती.

खाली उतरून मी ढिगाऱ्यातून मसाल्याचं एक ढेकूळ उचललं. करड्या सिमेंटमध्ये पांढरे ठिपके होते. मी ते नखाने खरवडलं, वास घेतला आणि ठेकेदाराकडे पाहिलं. तो बोलून गेला होता तो वाक्प्रचार, पण इथे खरोखरच कुणीतरी चुना लावला होता.

२

गवंड्याला पोलीस चौकीत बसवून ठेवला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. मी बसायच्या आधीच तो म्हणाला, "माझी चूक आहे. लिहून घ्या."

मला अशा माणसांचा राग येतो. चोर कबूल होत नाहीत ते एक वेळ समजतं, पण विचारायच्या आधी जो कबूल होतो त्याच्याकडून काहीतरी काढून घेण्यात दुप्पट वेळ जातो.

"कसली चूक?"

"फट बुजवली मी. पत्र्याची पट्टी संपली होती, त्या एका भिंतीला मिळाली नाही. फोम दिसत होता. म्हणून बुजवली."

"फट बुजवली की काय होतं, माहीत आहे तुला?"

"सांगाडा डुलला की भिंतीचे कोपरे दाबतो. चुरा करतो." तो हे असं बोलला जणू सातवीतला मुलगा पाढा म्हणतोय. "मला शिकवलंय सगळं. तीन महिन्यांचा कोर्स केलाय. दाखला आहे."

"आता राहणार नाही. तुरुंगही आहे, दोन वर्षांचा तरी."

"असू दे."

"कशानं बुजवलीस?"

"सिमेंटनं. दुसऱ्या कशानं बुजवणार?"

माझ्या पर्समध्ये चुन्याचं ढेकूळ होतं. मी त्याला ते दाखवलं नाही. अडतीस भिंतींमध्ये फट जपणारा, कोर्स केलेला माणूस एकोणचाळिसाव्या भिंतीला ती बुजवतो, आणि कशाने हेही त्याला बरोबर सांगता येत नाही.

उठताना मी विचारलं, "घरी कोण आहे तुझ्या?"

"बायको, मुलगी. मुलगी चार वर्षांची." मग तो थांबला. "वडील वेगळे राहतात. त्यांचा याच्याशी काही संबंध नाही."

मी वडिलांचं नावही काढलं नव्हतं.

३

रंगारी शाळेच्या फाटकाशीच राहतो. त्याने दारातच उभं राहून उत्तरं दिली, आत या म्हणाला नाही.

"त्या भिंतीची फट तुम्ही पाहिली होती?"

"कुठली फट? गवंडी गेल्यावर दोन आठवड्यांनी मी रंगाला आलो, तेव्हा फटबीट नव्हती. आणि एक सांगतो, रागावू नका. बाकी सगळ्या भिंतींना पुट्टी भरून माझं कंबरडं मोडलं. त्या भिंतीच्या माथ्याला बोटभर पुट्टी लागली नाही. असा गिलावा मी बापजन्मात पाहिला नाही. मी आपला हात फिरवत उभा राहिलो थोडा वेळ."

"दोन्ही बाजूंनी तसाच?"

त्याने आठवून पाहिलं. "नाही. जिन्याच्या बाजूनं साधा होता. साहेबी काम ऑफिसच्या बाजूनं."

म्हणजे ज्याने कुणी ती फट बुजवली तो मोठ्या बाईंच्या ऑफिसात स्टूल टाकून उभा होता. मी तडक तिकडे गेले.

मोठ्या बाईंनी तात्पुरतं ऑफिस एका वर्गात थाटलं होतं. त्यांनी मला लहान मुलांच्या बाकावर बसायला सांगितलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. माझे गुडघे हनुवटीला लागले.

"तुम्ही आल्यापासून शाळेची बदनामी चालली आहे," त्या म्हणाल्या. "गवंड्यानं कबूल केलंय ना? मग आणखी काय उकरताय?"

"विटा," मी म्हटलं. "त्या फटीचा तुम्हाला त्रास होत होता का?"

"कुणाला होणार नाही? ऑफिसातला शब्द न् शब्द जिन्यावर ऐकू जायचा. भिंतींना कान असतात म्हणतात, माझ्या भिंतीला तर तोंडही होतं. आणि ऐकायला कोण उभं असायचं तेही मला माहीत होतं." जिन्यावर कोण उभं असायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पण शिक्षकांच्या खोलीत मला ते कळलं होतं. मोठ्या बाई आणि चित्रकलेच्या बाई चार वर्षं एकमेकींशी चिठ्ठीने बोलत.

"फट बुजवू नये, अशी लेखी सूचना तुम्हाला दिली होती?"

"मला रोज पन्नास कागद येतात."

"ऑफिसची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. आणि मी ती कुणाला देत नाही, शिपायालासुद्धा नाही. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. त्या दिवशी दोन माणसांनी मला लिहून घ्या म्हटलं, आणि दोन्ही वेळा मला खोटं लिहावं लागलं.

४

ढिगाऱ्यात मी आणखी दोन तास घालवले. ठेकेदार लांबून बघत होता आणि मोबाइलवर कुणाला तरी माझ्याविषयी वाईट सांगत होता. मला हव्या होत्या त्या गोष्टी सापडल्या. विटेचे पातळ, उतरते तुकडे, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला निमुळते. पाचरी. तुळईखाली शेवटची फट राहिली की पूर्वीचे गवंडी त्यात अशा पाचरी ठोकत, भिंत आवाजसुद्धा करणार नाही इतकी घट्ट. कटरने कापलेली वीट गुळगुळीत निघते. या पाचरी खरबरीत होत्या, एका घावात फुटलेल्या. थापीच्या धारेने वीट अशी फोडणारा माणूस मी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

तो मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला.

गवंड्याचे वडील गावाच्या कडेला बैठ्या घरात राहतात. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. वय सत्तर, अंगात फक्त हाडं आणि राग. ते अंगणातल्या नळाभोवती बुटकी भिंत बांधत होते. डाव्या हातात वीट, उजव्या हातात थापी. टक्क असा एक आवाज, आणि विटेचा उतरता तुकडा हातात. कोपऱ्यात पिंपात चुना भिजत होता.

"बसा," ते म्हणाले, आणि आत जाऊन स्वतः चहा करून आणला. हसून दिला. मी कप हातात धरून बसले आणि मला फार वाईट वाटलं.

"पोराचं काम बघायला आलात ना? बघण्यासारखं काय आहे त्यात. ती शाळा मी बांधली होती पहिल्यांदा, तीस वर्षांपूर्वी. यानं माझ्या भिंती पाडून नवीन बांधल्या. कोर्स केला म्हणे. कोर्समध्ये काय शिकवतात, तर फट ठेवायची. फट म्हणजे गवंड्याची लाज. माझा बाप मला म्हणायचा, तुळई आणि भिंत यांच्यात मुंगी शिरली तर त्या दिवशीची भाकरी हराम."

"तुम्ही बोललात मुलाला?"

"दोन वर्षं बोलतच नाही आम्ही. त्याच्या घरी जातो ते नातीसाठी, तो कामावर असताना. तिथेही त्यानं भिंतीला फटच ठेवलीय. बिचारीच्या खोलीत गार वारा यायचा, बाराही महिने नाक गळायचं. आता नाही गळत." ते माझ्या कपाकडे बघत होते. "चहा गोड झाला का?"

मी नाही म्हटलं. माझं डोकं शाळेच्या पाचरींमध्ये अडकलं होतं.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "त्या बाई गेल्या, वाईट झालं. पण एक सांगतो, मी असतो ना, तर ती भिंत पडली नसती."

रस्त्यावर येऊन मी स्वतःवर चिडले, कारण मला कोडं सुटलं होतं आणि ते सुटल्याचा आनंद झाला नव्हता.

५

"त्यांना कळलंय?" चौकीत गवंड्याने मला पहिला प्रश्न हा विचारला.

मी टेबलावर पाचर ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. चौकीत येण्याआधी त्याने ती ढिगाऱ्यातच ओळखली होती.

"मोठ्या बाईंनी तुझ्याकडे तक्रार केली, तू फट बुजवायला नाही म्हणालास. मग त्या वस्तादांकडे गेल्या. तुमचा मुलगा अर्धं काम सोडून गेलाय म्हणाल्या. किल्ली दिली. वस्तादांनी एका रविवारी जाऊन तुझी लाज झाकली. बरोबर?"

"माझं कबुलीपत्र झालंय. तुम्ही कशाला यात पाचर मारताय?"

"कारण मी खोट्यावर सही करत नाही."

"ऐका ना, मॅडम." आत्तापर्यंत तो उद्धटपणे बोलत होता. आता त्याचा आवाज उतरला. "त्यांनी मला जन्मात एकदा शाबास म्हटलेलं नाही. आईच्या अंत्यविधीला मला म्हणाले, चितेची लाकडं ओळंब्यात नाहीत. माझं त्यांच्यावर काही प्रेम उतू चाललेलं नाही. पण त्या माणसाकडे दुसरं काही नाही. फक्त काम आहे. मला दोन वर्षं होतील, मी सोसेन. त्यांना जर कळलं की त्यांच्या हातानं बाई गेली, तर ते आठवडाभरसुद्धा काढणार नाहीत."

"आणि तुझी मुलगी? दोन वर्षं तिनं काय करायचं?"

त्याने मान खाली घातली. मला त्याच्या बापाचा, त्याचा आणि त्या किल्लीवाल्या बाईचा सारखाच संताप आला. एकाने ऐकलं नाही, दुसऱ्याने सांगितलं नाही, आणि तिसरी दोघांच्या मध्ये हात धुऊन मोकळी झाली.

"उद्या चौकशी आहे," मी म्हटलं. "मी वस्तादांचं नाव घेणार नाही. मी फक्त किल्लीचं विचारणार."

६

चौकशी चौथीच्या वर्गात झाली. शिक्षण खात्याचे दोन अधिकारी, पोलीस, ठेकेदार, रंगारी, सगळे लहान बाकांवर अवघडून बसले होते. गवंड्याला दाराशी उभं केलं होतं. वस्ताद बोलावलं नसताना आले, धुतलेला सदरा घालून. मुलाचं उणं ऐकायलाच आले होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही.

मी टेबलावर अँगल ठेवला, मग मसाल्याचं ढेकूळ, मग पाचरी ओळीने.

"गवंड्यानं लोखंड खाल्लेलं नाही," मी म्हटलं. "सगळे अँगल जागेवर आहेत. भिंत पडली कारण फट कुणीतरी नंतर बुजवली. सांगाडा डुलला, त्याला हलायला जागा नव्हती, त्यानं भिंतीचा माथा चिरडला. अँगलच्या हातात काही उरलं नाही. बुजवणारा हा गवंडी नव्हता. तो कटर वापरतो आणि चुना वापरत नाही. बुजवणारा मोठ्या बाईंच्या ऑफिसात उभा राहून काम करत होता." मी कागद पुढे केला. "आणि फट बुजवू नये या सूचनेवर मोठ्या बाईंची सही आहे. आता एकच प्रश्न. ऑफिसची किल्ली कुणाला दिली होती?"

"कुणालाही नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "गवंडी कबूल झालाय. उगीच नसते फाटे फोडू नका."

तेवढ्यात वस्ताद उठले होते. ते आमच्यातलं कुणाचं ऐकतच नव्हते. त्यांचं लक्ष टेबलावर होतं. त्यांनी एक पाचर उचलली, अंगठा तिच्या कडेवरून फिरवला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही माझी आहे," ते म्हणाले. "अशी आता कुणाला जमत नाही."

दाराशी गवंड्याने डोळे मिटले.

"आणि बाई, तुम्ही खोटं कशाला बोलताय?" वस्ताद मोठ्या बाईंना म्हणाले. "किल्ली तुम्हीच दिलीत मला. रविवारी. पोरानं लाज घालवली, सावरा म्हणालात. मी सावरली..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी हातातल्या पाचरीकडे पाहिलं, मग अँगलकडे, मग माझ्याकडे. मी मघाशी जे बोलले ते त्यांच्यापर्यंत आत्ता पोहोचत होतं. मी बत्तीस वर्षांत बऱ्याच गोष्टी कोसळताना पाहिल्या आहेत, पण त्या क्षणी मी खिडकीकडे बघितलं.

"दोन बोटं," ते शेवटी मुलाला म्हणाले. दोन वर्षांतला पहिला शब्द. "कशाला सोडली होतीस?"

"डुलायला, बाबा. सांगाड्याला."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तुम्ही थापी फेकून मारली होती."

म्हातारा बाकावर बसला. मोठ्या बाई काहीतरी बोलत होत्या, पोलीस त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता, ठेकेदार अचानक गवंड्याची तारीफ करायला लागला होता. वस्तादांच्या हातातून पाचर खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"पोरा," ते म्हणाले, "पोरगी कुठाय?"

"घरी. दुपारची झोपलेली असेल. का?"

तेव्हा मला तो चहा आठवला. नातीच्या खोलीतला गार वारा. आता नाही गळत. मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"पत्र्याची पट्टी काढली," वस्ताद म्हणाले, "आतून भरलं, आणि पट्टी परत लावली. तुला कळू नये म्हणून."

७

माझी गाडी जवळ होती. कुणाची परवानगी घ्यायला मी थांबले नाही. पोलीस मागच्या सीटवर बसला तेवढंच. त्याला आपण आरोपीला नेतोय की आरोपी आपल्याला, हे बहुतेक कळलं नसावं. मंगळवारपासून लहान धक्के रोज बसत होते.

घर चौथ्या मजल्यावर. सूनबाईने दार उघडलं, सासऱ्यांना आणि नवऱ्याला एकत्र बघून ती तशीच उभी राहिली. गवंडी आत धावला आणि झोपलेल्या मुलीला उचलून बाहेर घेऊन आला. तिचा पलंग भिंतीला लागून होता. मंगळवारी ती बालवाडीत होती. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात रंगाला बोटभर भेग गेलेली मला दिसली.

वस्तादांनी छिन्नी आणि हातोडी मागितली.

"बाबा, द्या इकडे. मी कटर आणतो."

"कटरनं तुळईला इजा होईल. पाचर मी मारलीय, मीच काढणार."

ते स्टुलावर चढले. पट्टी काढली. आतलं काम खरंच सुंदर होतं, रेघसुद्धा दिसत नव्हती. पहिली पाचर काढायला त्यांना वीस मिनिटं लागली. ती निघता निघेना. त्यांनी ती अशी ठोकली होती की त्यांच्याच हाताला ऐकेना. मुलगा खाली उभा राहून त्यांचे गुडघे धरून होता. ते मधेच थांबत, कपाळ भिंतीला टेकवत, आणि पुन्हा ठोकायला लागत. चित्रकलेच्या बाईंचं नाव त्यांनी एकदाच घेतलं, छिन्नीशी बोलल्यासारखं.

संध्याकाळी पाचला धक्का बसला. दिवा हलला, पलंगाचे पाय वाजले. फट मोकळी झाली होती, फोम अजून भरायचा होता. सांगाडा डुलला आणि भिंत आपल्या जागी उभी राहिली. वस्ताद स्टुलावरच होते. त्यांनी हात भिंतीवर ठेवला होता आणि तो काढला नाही.

मी माझ्या अहवालात त्यांचं नाव लिहिलं. ते लिहावंच लागलं. मोठ्या बाईंचंही लिहिलं, त्यांच्या आधी आणि मोठ्या अक्षरात.

निघताना वस्ताद फटीत दोन बोटं घालून उभे होते. पलीकडच्या खोलीतला उजेड त्यांच्या नखांवर पडला होता. मुलगी बापाच्या खांद्यावरून टकमक बघत होती.

"आता हिला परत सर्दी होणार," ते म्हणाले.

"होऊ दे, बाबा," मुलगा म्हणाला, आणि फोम आणायला खाली गेला.